वेशीबाहेरची माणसं

ती मोबाइलची बत्ती बंद कर आधी, दिग्विजय. डोळ्यांत घुसते. लाइट गेलीय तर जाऊ दे की राव, एक रात्र लिफ्ट नसली म्हणून कुणी मरत नाही. बसा इथंच पार्किंगच्या कट्ट्यावर. दिपाली, तू पण बस, पण मग मधेच उठून 'तात्या, मला वरपर्यंत सोडा' म्हणायचं नाही. आत्ताच सांगून ठेवतो.

मघाशी हा दिग्विजय काय म्हणाला? 'पाडलं तर पाडलं, जुनाट दगड ते.' तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. तर आता ऐकच. हे घडलं माझ्या दाजींच्या बाबतीत. हिंदुराव त्यांचं नाव, माझ्या सख्ख्या बहिणीचे, अंबूअक्काचे मालक. त्यांनी स्वतःच्या तोंडानं मला सांगितलं, आणि सांगताना एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. पटलं तर घ्या, नाही पटलं तर सोडून द्या. पण मधे हसायचं नाही.

गेल्या सर्वपित्रीची रात्र. एकवीस सप्टेंबर, रविवार. चाकणच्या अलीकडं पिंपळोशी म्हणून गाव आहे, तिथं. आमच्या भागात बैलपोळा श्रावणात नसतो, भादव्यात असतो, बरोबर सर्वपित्रीच्या दिवशी. दुपारी पितरांना घास टाकायचा, संध्याकाळी बैल मिरवायचे. बैल वेशीतून काढायचे आणि वेशीला आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचा मान हिंदुरावांच्या घराण्याचा. गाव निजलं की मानकऱ्यानं ते तोरण उतरवायचं आणि घरी आणून आपल्या दाराच्या चौकटीला बांधायचं. वेशीवर रात्रभर ठेवायचं नाही, अशी रीत. तर हिंदुरावांचं जेवण झालं. सुपारी कातरून झाली. खांद्यावर टॉवेल टाकला, पायात चपला सरकवल्या आणि ते तोरण आणायला निघाले. दरवर्षीचं काम, जाऊन येऊन पाच मिनिटांचं.

फक्त त्या साली वेस नव्हती. आदल्या आठवड्यातच पाडलेली.

तुम्ही वेस बघितलीय का रे कधी? खरी? दोन अंगांना दोन गोल बुरूज, मधे कमान, वर नगारखाना. सगळी काळ्या घडीव दगडाची, चुन्यात बसवलेली. कमानीच्या दोन बाजूंना शरभ, म्हणजे ते सिंहासारखे दगडी प्राणी, कोरलेले होते. जाणारं येणारं प्रत्येक पोर त्यांच्या नाकाला हात लावायचं, त्यामुळं नाकं अशी गुळगुळीत झालेली. आणि खाली एका अखंड दगडाचा उंबरा, बैलगाड्यांच्या चाकांनी दोन जागी घासून खोल गेलेला. अक्काला घेऊन आमचं वऱ्हाड आलं तेव्हा नवरीनं त्या उंबऱ्यावर नारळ फोडला होता. वेशीच्या आत गावठाण. पांढऱ्या मातीची माळवदं, चौकटीवर गणेशपट्टी, तुळईवर कोरलेले पोपट. एक घर दुसऱ्यासारखं नाही.

मग कंपन्या आल्या. जमिनी गेल्या, पैसा आला, आणि ज्याच्या त्याच्या डोक्यात खोल्या शिरल्या. घर पाडा, चार मजले चढवा, लातूरची बीडची पोरं भाड्यानं ठेवा. कोरलेले पोपट गेले कुठल्याशा रिसॉर्टच्या भिंतीवर, टेंपो भरून, भंगाराच्या भावानं! आणि काँक्रीटचा मिक्सर काही वेशीतून आत जाईना. म्हणून वेस पाडायची. अरे, पणजोबांच्या पणजोबांनी बांधलेली चीज, आणि अडचण कुणाची, तर मिक्सरची! लाज विकून खाल्ली होती गावानं.

त्या दिवशी पोळ्याला काय केलं माहितीये? तोरणाचं एक टोक बांधलं विजेच्या खांबाला आणि दुसरं बांधलं जेसीबीच्या लोखंडी हाताला. खालून तीन बैल गेले. गावात उरलेलेच तीन. आणि पोरं सेल्फी काढत होती. मी होतो तिथं. तोंडात आलेली शिवी मी पितरांचा दिवस म्हणून गिळली.

गावाला वाटलं होतं, मानकरी आहेत, हिंदुराव वेशीत आडवे पडतील. कसलं काय. ग्रामसभेत पहिला हात ह्यांचा वर. 'पाडा,' म्हणाले. एवढंच. का म्हणाले, ते नीट ऐका, सगळी गोष्ट त्यात आहे.

पिंपळोशीत एक रीत होती. गावाबाहेर ज्याचा जीव गेला, त्याचं मढं वेशीच्या आत आणायचं नाही. बाहेरच्या बाहेर, ओढ्याच्या कडेनं स्मशानात न्यायचं. आत आणलं तर त्याच्या मागं मरण पण आत येतं म्हणायचे. बरं, पूर्वी माणसं घरात मरायची, अंथरुणावर, चार जणांत. बाहेर मेलेला म्हणजे कधीतरी एखादा, पान लागलेला, म्हणजे साप चावलेला, नाही तर विहिरीत गेलेला. आता घरात मरतंय कोण? हायवेवर मरतात, दवाखान्यात मरतात, मशीनवर मरतात. जग बदललं, रीत तशीच. आणि ती रीत राखायचा मानही ह्यांच्याकडंच, तोरणाबरोबर आलेला.

साहेबराव म्हणून भावकीतलेच एक. त्यांची निशिगंधा कंपनीच्या बसची वाट बघत उभी होती. कंटेनरनं उडवली. चुलत बहिणीचं लग्न होऊन दोन दिवस झालेले, हातावर मेंदी तशीच लालभडक. साहेबरावांनी भर वेशीत हिंदुरावांचे पाय धरले. 'आबा, पाच मिनटं घरात न्हेतो. तिच्या आईला उठता येत न्हाई वो, एकदा त्वांड दावतो आन् लगेच बाहेर काढतो.' हिंदुराव कमानीत उभे राहिले आणि त्यांनी उजवा हात असा आडवा धरला. 'रीत ती रीत, साहेबा. बाहेरनं न्या.' नेली बाहेरनं.

त्यानंतर दोन वर्षं गेली असतील. ह्यांचाच एकुलता एक. समाधान. माझा भाचा.

प्रेस शॉपला होता. प्रेस म्हणजे पत्रा दाबायचं मशीन, वरून दणका येतो आणि खाली पार्ट तयार. उजव्या हाताचं मधलं बोट त्या प्रेसनं आधीच खाल्लेलं. चाकण-भोसरीला अशी बोटं गेलेली पोरं पैशाला पासरी मिळतात. तरी गडी हसायचा. 'आबा, नऊ हायेत की अजून,' म्हणायचा. सेन्सर बंद होता मशीनचा, काम थांबतं म्हणून मुद्दाम बंद ठेवलेला. रात्रपाळी, वर ओव्हरटाइम. ह्या वेळी बोटावर भागलं नाही.

ॲम्ब्युलन्स वेशीशी आली. सगळं गाव गोळा. साहेबरावही होते गर्दीत, नुसते बघत होते. आता त्यांच्या देखत हा माणूस मागं हटणार? नाक कापलं जाईल ना! हिंदुराव कमानीत उभे राहिले आणि हात आडवा धरला. स्वतःच्या पोराला! माझी अक्का आतून पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली, लेकाच्या तोंडात शेवटचं पाणी घालायला. तर तिलाही त्याच हातानं आडवली. 'हितनंच बघ,' म्हणाले. मी ह्या दोन डोळ्यांनी बघितलंय. ॲम्ब्युलन्स वळली. आईचं पाणी पोराच्या तोंडात पडलं नाही ते नाहीच.

त्या दिवसापासून अक्का दाजींशी बोलली नाही. ताट वाढायची, कपडे धुवायची, शब्द नाही. तो तांब्या मात्र रोज घासायची, रोज भरायची आणि देवाजवळ ठेवायची. सकाळी तुळशीला ओतायची आणि परत भरायची. वर्षानुवर्षं. तुम्ही म्हणाल, मग राहायचं कसं त्या घरात. ते हिंदुरावांना विचारा.

मनातनं खचला होता तो माणूस, खोटं कशाला बोलू. पण खचलेल्याचा राग निघाला कुठं, तर वेशीवर! आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. त्यांच्या डोक्यात एकच बसलं होतं. पोरगं वेशीबाहेर ताटकळत उभं आहे. ही वेस गेली की माझा समाधान घरी येईल. घरी आला की अंबू बोलेल. म्हणून 'पाडा' म्हणाले. कुणाला सांगितलं नाही हे, मला सांगितलं ते सुद्धा सगळं होऊन गेल्यावर.

तर त्या रात्री हिंदुराव वेशीच्या जागी आले. दगडांचे ढीग. एक शरभ मातीत पालथा. जेसीबीशेजारी अजिम बाइकला किक मारत होता. अजिम म्हणजे जेसीबीचा ऑपरेटर, चाकणचाच पोरगा, कामाला वाघ.

"काय रे अजिम, अजून हितंच?"

"निघालो चाचा. तेवढा उंबरा निघेना. बकेटचे दोन दात तुटले माझे."

"निघंल उद्या. आज केबिनमदी झोपत न्हाईस व्हय? डिझेल चोरत्याल की."

अजिमनं किक मारायचं थांबवलं. मग म्हणाला, "चोरू देत, चाचा. दोन रात्री झोपलो, बास झालं. कमान उतरवली त्या दिवसापासनं रात्री हितं शिफ्ट सुटल्यावानी होतं. बूट वाजतात. कंपनीचे, सेफ्टी शूज. लई जण. खाली उतरून बघितलं तर कुणी न्हाई. उंबऱ्यापर्यंत येतात आन् थांबतात." आणि मग हळूच, "तुमी पण नका थांबू." बाइक काढली आणि गेला.

दुसरा कुणी असता तर त्याची तंतरली असती. हिंदुरावांना काय झालं सांगू? आनंद झाला. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. बूट वाजतात म्हणजे पोरगं आलंय. उंबऱ्याशी थांबलंय, मी बोलवायची वाट बघत. त्यांनी जेसीबीच्या हातावरची गाठ सोडली, खांबावरची सोडली, तोरण गोळा करून खांद्यावर टाकलं. आणि उंबऱ्याकडं तोंड करून म्हणाले, "चल रं बाबा. चल घरी."

आणि निघाले.

गावठाणातली गल्ली. एका बाजूला अर्धी पाडलेली माळवदं, दुसऱ्या बाजूला खोल्यांच्या बिल्डिंगी. अमावस्या. खोल्यांमधली पोरं रात्रपाळीला गेलेली, खिडक्या काळ्या. गावातली कुत्री एरवी सावलीवर भुंकतात. त्या रात्री एक कुत्रं भुंकलं नाही.

मागं बूट वाजला.

हिंदुराव थांबले नाहीत. मागं बघायचं नाही, एवढं त्यांना कळत होतं. बूट ओळखीचा होता. समाधान डावा पाय जरा घासत चालायचा. टक्... घस्. टक्... घस्. सहा वर्षांचा होता तेव्हापासून असंच चालायचा. बापाला कळणार नाही?

तसेच ते घरापर्यंत आले. दार उघडं ठेवूनच गेले होते. आता नीट ऐका. रीत होती म्हणून, हाताला सवय होती म्हणून, डोक्यात दुसरं काही नव्हतं म्हणून... त्यांनी ते तोरण आपल्या चौकटीला बांधलं. एक गाठ डावीकडं, एक उजवीकडं. वेशीचं तोरण. आणि बांधून आत जाऊन उभे राहिले.

बाहेर बूट थांबला. उंबऱ्याच्या पलीकडं.

हिंदुरावांनी मागं वळून पाहिलं. माजघराच्या दारात अक्का उभी होती. हातात तांब्या. तिला कुणी उठवलं नव्हतं.

"समाधान," हिंदुराव म्हणाले. "ये बाळा. वेस पाडली मी. आता कोन आडवणार न्हाई. ये."

काही नाही.

तोरणाची पानं हलली. वारा नव्हता.

वास आला. मशीनच्या ऑइलचा, तो जळका, गोडसर. अंगणात दिसत काहीच नव्हतं. नुसता काळोख. पण तो काळोख भरलेला वाटत होता, असं ते म्हणाले. बाजाराच्या दिवशी एसटीच्या दारात असतो तसा.

टक्... घस्. एक पाऊल पुढं.

आणि त्याच्या मागं दुसरा बूट. मग तिसरा.

मग चपला. मग अनवाणी पाय. एकामागं एक. अंगणभर. गल्लीभर. आणि ऑइलच्या वासातून दुसरा वास वर आला. हिरवा, ओला... मेंदीचा.

तेव्हा हिंदुरावांना उमगलं. आपला एकटा नाही आला. आपण अडवलेलं एकेक माणूस आलंय. आणि त्यांच्या मागं, ज्यांना इथं वेसच नव्हती अशी खोल्यांतली, कंपन्यांत मेलेली परकी पोरं. सगळी. घरी जायला निघालेली.

कट्ट्यावरून खाली उतरू नकोस, दिपाली. झालंच आहे.

हिंदुराव घाबरले असते तरी मी समजू शकलो असतो. घाबरले नाहीत. त्यांना राग आला! अजून! माझ्या दारात माझा पोरगा आलाय आणि ही कशाला मधे? "न्हाई!" ओरडले ते. "तुमी न्हाई! मी माझ्या समाधानला बोलावलंय! बाकीच्यांनी मागं फिरा!" आणि उजवा हात वर आला. तोच हात. चौकटीत, तोरणाच्या खाली, असा... आडवा.

सगळं शांत.

मग त्या हातावर काहीतरी टेकलं. मनगटाच्या जरा वर. गार. चिकट.

ते दाबू लागलं. खाली. जोरानं नाही. लहान असताना समाधान बापाच्या हातातलं वर्तमानपत्र असंच खाली दाबायचा, माझ्याकडं बघा म्हणून. तसं.

हिंदुराव मला म्हणाले, "ज्योतीराम, मला हात खाली घ्यायचा व्हता." मी विचारलं, मग?

हात खाली आला नाही.

बराच वेळ गेला. मग ते गार काहीतरी हातावरून सुटलं.

आणि मागून आवाज आला. इतक्या वर्षांत त्या घरात न ऐकलेला. अक्काचा.

"वेस पाडली तुमी," ती म्हणाली. "आन् हात?"

पुढं आली. नवऱ्याकडं बघितलं सुद्धा नाही. त्या आडव्या हाताखालून वाकली, तोरणाखालून गेली, आणि तांब्या घेऊन बाहेर काळोखात उतरली. बूट वळले. सगळे. टक्, घस्... टक्, घस्... तिच्याबरोबर गल्लीनं लांब लांब गेले, वेशीच्या दिशेनं.

हिंदुराव उजाडेपर्यंत चौकटीत तसेच उभे होते. कोंबडं आरवलं तेव्हा अक्का परत आली. पायांना माती, पदर ओला, तांब्या रिकामा. तो तिनं चुलीपाशी पालथा घातला. त्या दिवसानंतर कधी देवाजवळ भरून ठेवला नाही. तिला मी खोदून खोदून विचारलं. "पानी पाजलं," एवढंच म्हणाली. कुणाकुणाला, ते नाही. दाजींशी ती आजही बोलत नाही.

वेशीच्या जागी आता लोखंडी पाइपांची स्वागत कमान उभी आहे. वर फ्लेक्स, दहा-बारा जणांची हात जोडलेली तोंडं. पहिल्या वादळात एक बाजू फाटली, ती तशीच लोंबतीये. बघितलं की अजून डोकं फिरतं माझं.

लाइट आली वाटतं. थांब, उठू नकोस, एवढं ऐकून जा.

मे महिन्यात गेलो होतो पिंपळोशीला. अंगाची लाही लाही होत होती आणि हिंदुराव ओसरीवर फुल बाहीचा शर्ट घालून, मनगटापर्यंत बटणं लावून. मी चिडलो. म्हटलं, दाजी, हे काय नाटक? ते उठले. आत अक्का भाकऱ्या थापत होती, तिला दिसणार नाही असे भिंतीकडं तोंड करून बसले. उजव्या हाताचं बटण काढलं आणि बाही वर केली.

मनगटाच्या वर काळा डाग होता. ऑइलचा. रॉकेलनं घासला म्हणाले, साबणानं घासला, दगडानं घासला, कातडी सोलवटली होती आजूबाजूची. डाग तसाच. मी वाकून बघितला. हाताची पकड होती ती.

अंगठा... पहिलं बोट... मग मोकळी जागा... मग दोन बोटं.